बाईकच्या ब्रीदरसाठी घरगुती ऑइल कॅच कॅन, नागपूरच्या इतवारीतल्या सामानातून

आधी एक काम करा. गाडी थंड असताना साईड पॅनेल काढा, इंजिनमधून एक रबरी पाईप निघून एअर फिल्टरच्या डब्यात जातो, तोच ब्रीदरचा पाईप, तो शोधा, फिल्टरच्या बाजूनं ओढून काढा आणि आतून बोट फिरवा. थोडा तेलकटपणा हाताला लागला तर ते नॉर्मल आहे, थेंब टपकत असेल किंवा फिल्टरच्या डब्याच्या तळाला तेलाचं डबकं साचलं असेल तर पुढचं वाचा, हे तेल वाटेतच पकडणारा डबा, म्हणजे ऑइल कॅच कॅन, कसा बनवायचा ते सांगतो. बऱ्याच गाड्यांना त्या डब्याच्या खाली एक छोटी पारदर्शक नळी असते बूच लावलेली, ती भरलेली दिसली तरी तेच समजायचं. एक मात्र लक्षात ठेवा, स्प्लेंडर, शाईन वगैरे गाड्यांमध्ये जो पेपर फिल्टर येतो तो बऱ्याचदा कंपनीतूनच तेल लावलेला असतो, म्हणून फिल्टर ओला दिसला की लगेच इंजिन गेलं असं समजू नका, फिल्टरवरून नाही, पाईपवरून ठरवा.

हे तेल येतं कुठून ते नीट समजलं तरच डबा नीट बनतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. पिस्टन रिंग कितीही नवीन असली तरी जळलेल्या वायूचा थोडा भाग रिंगच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनच्या खालच्या भागात, उतरतोच, आपले मिस्त्री ज्याला बॅक कम्प्रेशन म्हणतात ते हेच. त्या वायूत न जळलेलं पेट्रोल असतं, काजळी असते आणि पाण्याची वाफ असते, आणि वाफ थोडीथोडकी नाही, १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण १ लिटर पाणी तयार होतं, बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं पण त्यातलं थोडं खाली उतरतं. खाली क्रँक आणि गिअर तेल उडवत असतात, त्याचे बारीक कण या वायूत मिसळतात आणि सगळं मिळून ब्रीदरमधून बाहेर.

सिंगल सिलिंडर गाडीत अजून एक भानगड आहे जी बहुतेक लोक विसरतात. ३५० सीसीचा पिस्टन खाली येतो तेव्हा खालची ३५० सीसी हवा दाबली जाते, वर जातो तेव्हा तेवढीच परत ओढली जाते, आणि ३००० आरपीएमला हे सेकंदाला ५० वेळा होते. म्हणजे ब्रीदरच्या पाईपमध्ये हवा एका दिशेनं निवांत वाहत नाही, धक्के मारत असते. चार सिलिंडरच्या इंजिनात एक पिस्टन खाली तर दुसरा वर असल्यानं हे बरंचसं आपसात मिटतं, आपल्या बाईकमध्ये नाही मिटत. म्हणून कॅच कॅन बनवताना पहिला नियम एकच, ब्रीदरचा श्वास कुठंच अडला नाही पाहिजे. तेल कमी पकडलं गेलं तर एकवेळ चालेल, पण वाट अरुंद झाली की तोच दाब ऑइल सील फोडेल, गॅस्केटमधून तेल झिरपवेल, डिपस्टिकच्या चुडीतून (आट्यांतून) तेल बाहेर काढेल. डबा लावला आणि महिनाभरात क्रँक सील गेला अशा गाड्या असतात, आणि तिथं दोष सीलचा नसतो, डब्याला पाईप जोडायच्या अरुंद निपलचा असतो.

डबा बनवण्याआधी इंजिनमधलं तेल चेक करा, कारण अर्ध्या गाड्यांचा त्रास इथंच संपतो. गाडी मेन स्टँडवर उभी, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायचं, आणि हिरो-होंडाच्या गाड्यांत डिपस्टिक चुडी न फिरवता नुसती टेकवून बघायची. फिरवून बघितलं की काडी जास्त खोल जाते, तेल आहे त्यापेक्षा वर दिसते. उलट पुष्कळ ठिकाणी तेल मापानं न टाकता अख्खी बाटली ओततात, मग पातळी वरच्या खुणेच्याही वर जाते, क्रँक तेल घुसळते आणि ते ब्रीदरमधून फेकलं जाते. तिथं डबा लावून काय होणार, तेल काढून लेव्हलला आणा, आठवडा चालवा, मग ठरवा. आणि गाडी वॉरंटीत असेल, त्यातही १ एप्रिल २०२० नंतरची बीएस ६ असेल, तर हात लावू नका, वॉरंटीचा प्रश्न येतो आणि ब्रीदरची सिस्टिम कंपनीनं टेस्ट करून बंद केलेली असते.

आता डबा. बाजारात तयार रंगीत ॲल्युमिनियमचे डबे मिळतात, त्यातले बरेच आतून नुसते रिकामे असतात, एका नळीतून वायू आला आणि समोरच्या नळीतून तसाच निघून गेला. तेल पकडायला तीन गोष्टी लागतात: वायूचा वेग कमी व्हायला मोठी जागा, त्याला दिशा बदलायला लावणारा आडपडदा, आणि कणांना चिकटायला भरपूर थंड पृष्ठभाग. कुकरच्या झाकणाला आतून जसं पाणी धरते तसंच तेल जाळीवर धरते आणि खाली टपकते. या तिन्ही गोष्टी घरी आरामात जमतात, वेल्डिंग पण लागत नाही.

इतवारीत भांड्यांच्या दुकानात जा आणि चुडीचं झाकण असलेला स्टीलचा छोटा डबा घ्या, झाकणाचा व्यास ७५ मिलिमीटरच्या आसपास आणि उंची १०-१२ सेंटिमीटर, म्हणजे साडेचारशे मिलिलिटरचा डबा होतो. १०० ते १५० सीसीला २५०-३०० मिलिलिटर पण पुरतो, बुलेटसारख्या ३५०-५०० ला हा साडेचारशेवालाच बरा. दुकानात झाकण लावून हातानं हलवून बघा, खडखड करत असेल तर दुसरा घ्या. पाण्याची डबल भिंतीची थर्मास टाईप बाटली घेऊ नका, ती मुळात गार होत नाही आणि छिद्र पाडलं की दोन पत्र्यांच्या मधे तेल शिरते. कोल्ड्रिंकची प्लास्टिक बाटली तर बिलकुल नको, ते प्लास्टिक ७० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि आपल्याकडं मे महिन्यात गाडी नुसती उन्हात उभी असली तरी हात लावता येत नाही. काही लोक कंप्रेसरला लावतात तो पारदर्शक वाटीचा वॉटर सेपरेटर वापरतात, दिसायला भारी दिसते, पण त्या वाटीला बहुतेक ५०-६० अंशांची मर्यादा असते, काही तेलं आणि पेट्रोलची वाफ तिला चिरा पाडते, आणि त्याचं पाव इंचाचं तोंड बाईकच्या ब्रीदरला फारच लहान आहे.

निपल लोहा ओळीत किंवा कुठल्याही पाईप फिटिंगच्या दुकानात मिळतील, पितळी होज निपल दोन, लॉकनट सकट. माप कसं काढायचं तर इंजिनच्या ब्रीदरच्या नळीचं बाहेरचं माप व्हर्नियरनं घ्या, तेच तुमच्या पाईपचं आतलं माप. समजा १२ मिलिमीटर आलं. आता दुकानदार १२ चा पाईप बसणारा निपल देईल, पण तो निपल हातात घेऊन आरपार बघा, आतलं भोक बऱ्याचदा ८ च असते. १२ च्या भोकाचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर होते आणि ८ चं फक्त ५०, म्हणजे वाट निम्म्याहून कमी झाली आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून पातळ भिंतीचा निपल शोधा, किंवा लेथवाल्याकडून आतून १० पर्यंत मोठा करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. आटे पाईपच्या मापातले (बीएसपी) तीन अष्टमांश इंचाचे घ्या, नाव तीन अष्टमांश असलं तरी त्याचं बाहेरचं माप १६.७ मिलिमीटर असते, म्हणजे झाकणाला १७ चं भोक पाडायचं.

भोक पाडायला स्टेप ड्रिल वापरा, साध्या ड्रिलनं पातळ स्टील फाटते आणि त्रिकोणी भोक होते. झाकण लाकडाच्या गोल तुकड्यावर ठेवायचं, सेंटर पंच मारायचा, स्पीड कमी, थोडं तेल. दोन भोकं समोरासमोर, कडेपासून इतकी आत की नट बसला तरी झाकणाच्या चुडीला लागणार नाही, आणि मधोमध एक ५ मिलिमीटरचं भोक. झाकणाचा पत्रा अर्धा मिलिमीटरच असतो, सिंगल सिलिंडरच्या व्हायब्रेशननं निपलच्या कडेनं तडा जाणार म्हणजे जाणार, म्हणून आतून २ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमच्या पत्र्याची गोल चकती त्याच तीन भोकांसकट बसवा. निपलखाली बाहेरून नायट्राइल रबराचा (तेल सोसणारा) वॉशर, आतून चकती, मग लॉकनट. एम-सीलवर सगळं काम भागवू नका, ते कडक होते आणि थरथरीत सुटते. आरटीव्ही गॅस्केट मेकरचा पातळ थर चालतो, आणि तो पूर्ण एक दिवस वाळू द्या.

डब्याच्या आतलं काम सगळ्यात महत्त्वाचं, घाई करू नका. येणाऱ्या निपलचे आटे झाकणाच्या आत थोडे उरतात, त्यावर १६ मिलिमीटर आतल्या मापाच्या नायट्राइल पाईपचा तुकडा क्लिपनं आवळा आणि तो खाली तळापासून ४ सेंटिमीटर वर संपेल इतका कापा. तळाला टेकवू नका, नाहीतर साचलेल्या तेलातच वायू बुडबुडे काढेल आणि तेल पुन्हा उडेल. शेवट तिरपा कापा आणि तो तिरपा भाग बाहेर जाणाऱ्या निपलच्या विरुद्ध दिशेला, डब्याच्या भिंतीकडं ठेवा, म्हणजे वायू आधी भिंतीवर आपटतो. मधल्या भोकातून ५ मिलिमीटरचा लांब बोल्ट खाली सोडा. या बोल्टवर एक भोकाभोकांची चकती बसवायची, डब्याच्या आतल्या मापाची, पाईप जायला जागा कापून, आणि ती पाईपच्या तोंडापेक्षा दोनेक सेंटिमीटर वर. खालून वरून नायलॉक नट, साधे नट ढिले होतात.

चकतीच्या वर भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी, हातानं मोकळी करून, गच्च दाबून नाही. बोटं सहज आत शिरली पाहिजेत इतकी सैल. ती बारीक लोकरीसारखी येते ती घेऊ नका, ती गंजते आणि तिचे तुकडे सुटतात, ते तुकडे इंजिनमध्ये गेले तर सिलिंडरला ओरखडे पडतील, डबा नसता तर बरं झालं असतं असं होईल. जाड चपट्या तारेची घ्या आणि चुंबकानं परीक्षा घेऊ नका, बऱ्याच चांगल्या स्टेनलेस घासण्यांना पण चुंबक धरते; त्याऐवजी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, सकाळी तांबूस डाग दिसले की ती भांड्यांनाच राहू द्या. घासणीच्या वर, बाहेर जाणाऱ्या निपलच्या खाली, चहाच्या स्टील गाळणीची जाळी कापून बोल्टवरच अडकवा, पण निपलला चिकटून नको, एक सेंटिमीटर अंतर ठेवा. त्या जाळीचं काम तेल पकडणं नाही, एखादी तार सुटलीच तर ती अडवणं आहे. झाकणात ऑइल पॅनला वापरतात त्या कॉर्क शीटचं रिंग कापून बसवा. बस, झाकण फिरवून उघडलं की आतलं सगळं बोल्टसकट बाहेर येते आणि खाली डबा मोकळा, ड्रेन बोल्टची पण गरज नाही. ज्यांना न उघडता काढायचं असेल त्यांनी तळाला १० मिलिमीटरचा नट आर्गन वेल्डिंगनं लावून घ्या, हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाले करून देतात, पण मला तरी झाकण उघडून बघणंच पटते, कारण जाळी पण बघितली जाते.

पाईप. नायट्राइल रबराचा ऑइल होज घ्या, आतून दोरा विणलेला. पेट्रोलचा स्वस्त पारदर्शक पाईप उन्हाळ्यात मऊ पडून मुरडतो आणि थंडीत काठीसारखा होतो. रंगीत सिलिकॉन पाईप दिसतो छान, पण तेल आणि पेट्रोलच्या वाफेसाठी साधं सिलिकॉन नाही बनलेलं, काही दिवसांत बाहेरून घाम आल्यासारखा तेलकट होतो. वळण मोठं द्या, मुरड नको.

बसवायची जागा निवडताना उष्णता आणि उतार दोन्ही बघा. डबा सायलेन्सर आणि सिलिंडरपासून लांब, हवा लागेल असा, चेसिसच्या पुढच्या पाईपला किंवा बॅटरीच्या बाजूला, उभाच, रबर लावलेल्या क्लॅम्पनं. हँडल पूर्ण दोन्हीकडं फिरवून बघा, शॉकअप दाबून बघा. इंजिनमधून निघालेला पाईप आधी वर चढला पाहिजे, म्हणजे जाड तेल तिथूनच परत खाली उतरते आणि डब्यापर्यंत फक्त बारीक धुकं पोचते. मधे कुठं झोळ पडू देऊ नका, झोळात तेल-पाणी साचून बूच बसते आणि मग सील उडते. जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाल्यांना हे माहीत आहे, त्या गाडीला कंपनीकडूनच ब्रीदरला काळा डबा यायचा आणि त्याचे पाईप चोंदले की कुठून ना कुठून तेल सांडायचंच.

बाहेर जाणारी नळी परत एअर फिल्टरच्या डब्यातच जोडा, जिथून मूळ पाईप काढला तिथंच. डब्याच्या तोंडाला छोटा शंकूसारखा फिल्टर लावून वायू बाहेर सोडायची फॅशन आहे, ती करू नका. सिग्नलला उभं राहिलं की जळक्या तेलाचा आणि पेट्रोलचा वास थेट तुमच्या आणि मागं बसलेल्याच्या नाकात, ते आरोग्याला वाईट आहे, आणि नवीन नियमांत क्रँककेसचा वायू हवेत सोडायला परवानगीच नाही. शिवाय फिल्टरच्या डब्यातली तोंडं उघडी राहिली तर तिथून धूळ आत जाते, आणि आपल्या रस्त्यांवर कुठं ना कुठं खोदकाम चालूच असते.

सगळं जोडायच्या आधी झाकणाच्या कडेनं साबणाचं पाणी लावा, एक निपल बोटानं बंद करून दुसऱ्यातून तोंडानं फुंका, बुडबुडे आले तर कॉर्क नीट बसवा. मग बोट काढून पुन्हा फुंका, जोर लागला नाही पाहिजे, मोकळं वाटलं पाहिजे. पण खरी टेस्ट इंजिनवरच होते आणि त्याला मिस्त्री लोकांचा पारदर्शक लेव्हल पाईप पुरतो. इंजिन बंद असताना डिपस्टिकच्या भोकात रबरी बूच घट्ट बसवा, त्यातून पाईप काढा, तो आधी हातभर वर चढवा, मग खाली आणून यू आकार करा आणि त्यात थोडं रंगीत पाणी. वर चढवायचं कारण इंजिननं ओढलं तरी पाणी आत जाऊ नये. पाणी फार नाचत असेल तर पाईप एका जागी चिमट्यानं थोडा दाबा, पाणी शांत होते. आधी डब्याशिवाय गाडी जरा चढ्या आयडलवर ठेवून दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक बघा, मग डबा लावून तसंच. आकडा जवळपास तोच राहिला तर डबा पास. डबा लावल्यावर इंचभराहून जास्त फरक वाढला तर घासणी जास्त भरली आहे किंवा निपल अरुंद आहे, परत उघडा. हा पाण्याचा पाईप लावलेला असताना गाडी हलवायची नाही, जागेवरच.

आता डब्यात काय जमते ते वाचायला शिका. पहिल्यांदा आठवड्यानं उघडा, नंतर महिन्यानं. तपकिरी पातळ तेल आणि खाली थोडं पाणी, तळ नुसता झाकला जाईल इतकं, हे अगदी निरोगी इंजिन. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं सकाळी पारा १० च्या खाली जातो, त्यात गाडी त्रिमूर्ती नगर ते बर्डी एवढीच चालत असेल तर तेल कधी धड तापतच नाही, वाफ डब्यात जमून पांढरट पिवळा चिकट साय आल्यासारखा थर दिसतो. घाबरू नका, हेड गॅस्केट गेलं असं कोणी सांगितलं तर त्याला आठवण करून द्या की आपलं इंजिन एअर कूल्ड आहे, त्यात कूलंट नाहीच. रविवारी गाडी एकदा रामटेकपर्यंत काढा, ५० किलोमीटरच्या आसपास एका दमात, तेल चांगलं तापते आणि तेलातलं पाणी उडून जाते. घरी आल्यावर डबा रिकामा करा. उलट नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, तेल पातळ होते, वाफ जास्त निघते, तेव्हा डबा लवकर भरतो पण त्यात पाणी जवळपास नसते.

पेट्रोलचा तीव्र वास आणि पाण्यासारखं पातळ तेल आलं तर कार्ब्युरेटरचा फ्लोट किंवा चोक बघा, आणि इंजिनमधलं तेल लगेच बदला, त्या तेलावर गाडी चालवू नका, बेअरिंग जातील. आणि लेव्हल बरोबर असूनही काळं तेल आठवड्याला डबा अर्धा करत असेल तर काऊन ते सरळ आहे, रिंग-बोअर घासलं आहे. अशा वेळी मोठा डबा लावणं हा उपाय नाही, कम्प्रेशन चेक करून घ्या आणि इंजिन उघडायची तयारी ठेवा. डबा त्यावेळी तुम्हाला फक्त लवकर सांगतो, आणि तेच त्याचं मोठं काम आहे असं मला वाटते, कारण एरवी हे सगळं फिल्टरमध्ये जिरून जाते आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघेपर्यंत कोणाला कळतच नाही.

कारला लावायचा असेल तर थोडं वेगळं. बऱ्याच कारमध्ये एक नळी पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसचा वायू परत इंजिनकडं सोडणारा व्हॉल्व्ह) थेट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीला, जाते आणि तिच्यात जोरदार ओढ असते, म्हणून डबा जाड पत्र्याचा पाहिजे, आणि झाकणातून जरा जरी हवा गळली तर आयडल बिघडते. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढायचा नाही, तो आहे तिथंच ठेवून डबा व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्डच्या मधे लावा.

डब्यात जमलेलं तेल परत इंजिनमध्ये ओतायचं नाही, त्यात पाणी, आम्ल आणि पेट्रोल आहे. नालीत पण ओतू नका भाऊ, आपल्या नाल्या शेवटी नाग नदीला नाहीतर पिवळी नदीलाच मिळतात. जुन्या बाटलीत साठवा आणि सर्व्हिसिंगच्या वेळी गॅरेजवाल्याच्या वापरलेल्या तेलाच्या ड्रममध्ये टाका. घासणी आणि जाळी रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा, उन्हात पूर्ण वाळू द्या, पेट्रोलनं धुवून ओलीच लावू नका. घासणी दोन सर्व्हिसिंगनंतर नवीनच टाका, कॉर्कचं रिंग चेपलं असेल तर ते पण, आणि लावताना दोन्ही पाईपच्या क्लिपा एकदा हातानं फिरवून बघा.